प्लायच्या ओट्याला पाणी

ओट्याची उंची गवंडी ठरवत नाही, सुतार ठरवत नाही, घराचा मालक तर मुळीच ठरवत नाही. ती बाईच्या कोपरावरून ठरते. हे मला कोणत्या उस्तादाने शिकवलं नाही, माझ्या बायकोने शिकवलं. तिचं नाव शेवंता. मागच्या वर्षी ती गेली. तिच्याशिवाय मी जो पहिला ओटा केला त्याची ही हकीकत आहे. त्या ओट्यात पाणी शिरलं म्हणून ती सांगण्यासारखी झाली. नीट पार पडलेल्या कामाबद्दल सुताराकडे बोलायला काही नसतं.

माझं शिक्षण गावच्या शाळेत झालं तेवढंच. गाव सावनेरच्या पुढे, भाऊ अजून तिथे कापूस पेरतो. मी नागपूरला आलो, लकडगंजात आरागिरणीवर लागलो आणि तिथून सुतारकामात शिरलो. पलंग केले, दारं केली, देवघरं केली, पण जास्त जन्म लोकांच्या स्वयंपाकघरात गेला. बैठकीतला सोफा वाकडा झाला तर पाहुणा हसून जातो. ओटा चुकला तर घरच्या बाईची कंबर रोज दुखते, आणि ती कोणाला सांगत नाही. म्हणून मी सोफ्यापेक्षा ओट्याला जास्त भीत आलो.

मापाला शेवंता सोबत यायची. परक्या पुरुषाने विचारलं, "बाई, उंची किती ठेवू?" तर बाई पदर सावरून म्हणते, "ठेवा तुमाले वाटते तेवढी." यावर काय माप घेणार? शेवंता मला दाराबाहेर उभं करायची. टेबलावर प्लायचे तुकडे एकावर एक रचायची, त्यावर पोळपाट ठेवायची आणि बाईच्या हातात कणकेचा गोळा देऊन म्हणायची, "लाट वं माय." बाई लाटायची आणि शेवंता तिचे खांदे पाहायची. खांदे वर चढले म्हणजे ओटा उंच झाला, एक तुकडा काढ. पाठ वाकली म्हणजे खाली गेला, एक तुकडा घाल. मग आतून आवाज द्यायची, "घ्या टेप!" मी आत जाऊन आकडा घ्यायचो. एवढंच माझं काम.

एका घरात दोन जावा होत्या. मोठी चांगली उंच, धाकटी ठेंगणी, आणि ओटा एकच. मोठी म्हणे घर मी सांभाळते, धाकटी म्हणे पोळ्या मी लाटते. शेवंताने ओटा उंच जावेच्या मापाचा करायला लावला आणि धाकटीला उभं राहायला सागवानी पाट करून दिला. काही दिवसांनी मोठीचा निरोप आला, "तो पाट परत घेऊन जा. त्याच्यावर चढून ती मलेच हुकूम सोडून राहिली." शेवंता रस्ताभर हसली. मी सायकल चालवत होतो आणि ती मागे बसून हसत होती, माझा तोल जात होता.

ती गेल्यावर मी अवजारं पोत्यात भरली आणि पलंगाखाली सरकवली. डबा लावला. डब्याची पोळी चामड्यासारखी असायची, पण तक्रार कोणाकडे करणार?

अशात एक दिवस देवरावजी आले. ओळख ना पाळख. माझ्याच वयाचे, डोक्यावर टोपी, पायात जुने कामावरचे बूट. प्लायच्या दुकानदाराने माझा पत्ता दिला होता.

"मिस्त्री तुमीच का?"

"होतो."

"होतो म्हणजे?"

"काम सोडलं. दुसरा पाहा."

ते गेले नाहीत, पायरीवर बसले. "दुसरे पाहून झाले गा. एक म्हणे दगडाले खालून भिंत पायजे. एक म्हणे बाईले पलंगावरच जेवू घाला, ओटा कायले पायजे?"

मग त्यांनी सांगितलं. कोराडीच्या वीज केंद्रात बांधकामावर मुकादम होते, आता रिटायर. बायको कौसल्याबाई. साखरेने तिचा पाय सडला आणि रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गुडघ्याखालून कापावा लागला. घरी आणल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. बोलत नाही. पुण्याहून पोराचा फोन आला की कानाला लावावा लागतो, त्यालाही नुसतं हूं म्हणते.

"परवा आपल्या मनानं बोलली. म्हणे, मले ओट्यापाशी न्या. चाकाच्या खुर्चीवर बसवून नेलं. आता ओटा हा असा," देवरावजींनी हात स्वतःच्या हनुवटीशी धरला, "तिले गंजात काय शिजून राहिलं ते बी दिसेना. जराशी थांबली अन् म्हणे, ठेवा मले परत. तवापासून जेवण बी अर्ध्यावर आलं. मिस्त्री, ओटा खाली झाला नाही तर हे बाई उठत नाही आता. मले माहीत हाय. पन्नास वर्साचा संसार हाय, समजते ना माणसाले."

मी म्हटलं, "पाहून येतो. करीन असं नाही म्हणत." आणि पलंगाखालचं पोतं ओढलं.

घर मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडला. बाहेरून कोळशाचे ट्रक जातात, खिडकीच्या गजांवर बारीक राख. घर भाड्याचं. वर राहणाऱ्या मालकाने बजावलेलं, दगडी ओट्याला हात लावायचा नाही. म्हणजे तो तसाच ठेवून समोरच्या भिंतीला, खिडकीखाली, नवा ओटा करायचा. तोही घर सोडताना उचलून नेता येईल असा.

पण माप? बाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, आणि शेवंता नाही. मी देवरावजींना म्हटलं, "थोडी कणीक भिजवा."

"मी?"

"मंग काय मालकाले बोलावता वरून?"

त्यांनी भिजवली. मी कौसल्याबाईंच्या खोलीत जाऊन स्टुलावर प्लायचे तुकडे रचले, पोळपाट ठेवला, शेजारी परात ठेवली. बाईंची पाठ आमच्याकडे. मी म्हटलं, "वहिनी, माप घ्यायचं हाय. एक पोळी लाटून द्या." पाठ हलली नाही. देवरावजी म्हणाले, "उठ ना वं, मिस्त्री दुरून आले." तरी नाही.

मी गोळा हातात घेतला. तो बोटांतून ओघळला आणि थप्पकन परातीत पडला. त्या आवाजाने बाईंनी मान वळवली. परातीत पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे कणीक हाय का लेई? पतंग चिकटवता काय?"

देवरावजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बायकोने शिवी दिली असती तरी त्यांना पेढा मिळाल्यासारखं वाटलं असतं. "पीठ आणा अजून," बाई म्हणाल्या. त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी कोरडं पीठ घालून तो चिखल मळून मळून कणकेवर आणला आणि लाटायला घेतला. मी खांदे पाहत होतो. चढले. एक तुकडा काढला. अजून चढले. अजून एक काढला. मग खांदे खाली आले आणि हात मोकळा फिरायला लागला. टेप लावून आकडा घेतला. या वेळी आवाज द्यायला कोणी नव्हतं, म्हणून थोडा वेळ टेप तसाच धरून उभा राहिलो.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. नागपुरात ओटा म्हणजे दगड, खाली कडप्पा, वर ग्रॅनाइट. दगड मजबूत, पण त्याला जागोजागी खालून आधार लागतो. इथे तर खाली खुर्ची घुसली पाहिजे, बाईचे गुडघे गेले पाहिजेत, म्हणजे मध्ये आधार चालत नाही. आणि ओटा जाड झाला तर खाली गुडघा अडतो नाहीतर वर कोपर चढतं. गुडघा आणि कोपर यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढ्यातच ओटा बसवायचा. म्हणून लोखंडी चौकट, तिच्यावर प्लाय, प्लायवर टाईल. नुसता सनमायका लावून भागत नाही, कारण गरम कढई उतरवून ठेवली की सनमायका जळतो. टाईल जळत नाही.

"लाकडावर टाईल?" असं म्हणून लोक हसतात. त्यांचं खोटं नाही. प्लाय म्हणजे लाकडाचे पापुद्रे, एक उभा, एक आडवा, गोंदाने दाबलेले. वरून शिंतोडा उडाला तर पुसता येतो, पण कापलेल्या कडेतून पाणी प्यायला की पापुद्रे सुटतात आणि शिळ्या पापडासारखा फुगतो. मग वरची टाईल उचलते. त्यामुळे पाण्याला टिकणारा भारी प्लाय घ्यायचा, त्याचे दोन थर करायचे, खालच्या थराचा जोड वरच्या थराच्या जोडाखाली येऊ द्यायचा नाही. मध्ये गोंद, वरून टीचभर अंतरावर स्क्रू. खिळा मारायचा नाही, खिळा महिन्या-दोन महिन्यांत डोकं वर काढतो. प्रत्येक कड दोन डब्यांतलं एकत्र कालवून होणाऱ्या गोंदाने बंद करायची, सिंकच्या भोकाची तर दोनदा. वर सिमेंटची पातळ शीट आणि मग टाईल. टाईल मी स्वतः लावतो, गवंडी बोलावत नाही. गवंडी आला की रेती-सिमेंट घेऊन येतो. प्लायवर रेती-सिमेंट धरत नाही, तिथे टाईलचं केमिकलच लागतं, पिठासारखं येतं, कालवायचं आणि दात्यांच्या थापीने पसरायचं. शेवटी टाईलांमधले सांधे भरले की ओटा पाण्याला बंद झाला. सांधे भरेपर्यंत तो उघडा असतो.

काम चालू झालं तसं कौसल्याबाईंची खुर्ची खोलीतून सरकायला लागली. आधी दारापर्यंत आली, मग दाराच्या आत. बोलणं नाही, फक्त पाहायच्या. टाईल पसंत करायला देवरावजींनी तुकडे आणले, पांढरा पुढे केला. बाई म्हणाल्या, "पांढरी नको. पांढऱ्यावर पीठ दिसत नाही, मुंग्या मात्र दिसतात." हिरवी ठरली. मग सिंकची बाजू ठरली, गॅसची बाजू ठरली, मसाल्याचे डबे कुठे असावेत ते ठरलं. देवरावजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "काल रात्री पोराशी फोनवर भांडली गा. ओट्याची टाईल कशी हाय ते त्याले समजून नाही राहिलं म्हणून." सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

टाईल लागल्या. सिंक बसवायचं आणि सांधे भरायचे तेवढे उरले, आणि मध्येच शेवंताचं वर्षश्राद्ध आलं. ते गावी भावाकडे ठेवलं होतं, चार-पाच दिवसांचं जाणं. निघताना मी देवरावजींना म्हटलं, "मी येईपर्यंत ओट्यावर काही ठेवू नका. भांडं नको, डबा नको." ते म्हणाले, "निसूर जा. काळजी करू नका."

गावी सगळं रीतीने झालं. भावाने तिच्या आवडीची भाजी करायला लावली. पानावर बसलो. पण एक सांगतो. त्या वर्षात पहिल्यांदा मला कुठेतरी परत जायची घाई झाली होती. तिच्या श्राद्धाच्या पानावर बसून मी सांध्यांचा विचार करत होतो. ती असती तर म्हणाली असती, "जा मग, बसले काहून?" सकाळच्या बसने निघालो आणि थेट मानकापूरला उतरलो.

दारातून आत गेलो तर टप टप आवाज. सिंकच्या भोकातून पाणी गळत होतं. खाली बादली लावलेली, ती भरत आलेली. ओट्याच्या चारही कडांना आणि सिंकच्या भोकाभोवती मातीची पाळ घातलेली, शेतातल्या वाफ्यासारखी. पाळीच्या आत ओलं बारदान अंथरलेलं, वर पाणी उभं. आणि बाजूला देवरावजी, बाह्या वर सारून, हातात मग घेऊन.

"या मिस्त्री! पाहा. सकाळ-संध्याकाळ, एक टाइम चुकवला नाही."

"काय करून राहिले तुमी?"

"तराई."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. ताज्या सिमेंटला काही दिवस पाणी पाजतात, त्याला आमच्याकडे तराई म्हणतात. पाणी मिळालं नाही तर सिमेंट भुसभुशीत राहतं. आमच्या नागपुरात कोणाच्या घरी साधी पायरी बांधली तरी घरातला म्हातारा सकाळी उठून आधी तिच्यावर पाणी मारतो, मग चहा पितो. आणि देवरावजी तर मुकादमच तराईचे. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. पाया असो, टाकी असो, गडी लावून पाणी मारून घ्यायचं आणि ऊन तापलं की बारदान झाकायचं.

मी ओरडलो. मला गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. "खाली लाकूड हाय ना! लाकडाले पानी पाजून राहिले तुमी! बुडवला ओटा!"

"वर टाईल हाय. टाईलखाली सिमेंटच असते."

"सिमेंट नोहे ते, केमिकल हाय. त्याले तराई लागत नाही."

"तराईबिगर पक्कं कसं होईन?" हे त्यांनी भांडायला विचारलं नाही, खरंच विचारलं. मग त्यांची नजर बादलीकडे गेली, गळणाऱ्या पाण्याकडे गेली. फुगलेल्या कडेला त्यांनी बोट लावलं. बोट आत गेलं.

दारात खुर्ची होती. कौसल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चाकं उलटी फिरवली आणि खोलीत गेल्या. पलंगाची करकर ऐकू आली.

देवरावजींनी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. "तिच्यासाठी मले काय येते गा?" ते म्हणाले. "स्वयंपाक येत नाही. पट्टी बांधतो तर हात कापते. पोरासारखं फोनवर बोलता येत नाही. पानी मारता येते. म्हटलं, माझ्या हातचं काँक्रीट कधी तडकलं नाही, हिचा ओटा बी तडकला नाही पायजे."

माझा राग जिथल्या तिथे विरला. शेवंताला शेवटी आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टर औषध देत होते, गावाहून आलेली भावजय पाय चेपत होती, मला काहीच येत नव्हतं. म्हणून मी पलंगाला उतरती फळी करून दिली, पाठ टेकायला. तीनदा रंधून तिचा उतार बदलला. फळीने माणूस वाचत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण मला फळीच येत होती.

मी पाळ तोडली, बारदान काढलं, पाणी पुसलं आणि ओट्याखाली पाठीवर झोपलो. बोटाच्या गाठीने सिंकच्या बाजूपासून ठोकत गेलो. प्लाय खराब झाला की आवाज भद्द येतो, मडक्यात चिखल भरल्यासारखा. भद्द, भद्द, भद्द. पेचकस टोचला तर पापुद्रे उघडले. मध्यापाशी आलो आणि आवाज बदलला. टण्ण. पुन्हा ठोकलं, टण्ण. तिथपासून गॅसच्या बाजूच्या टोकापर्यंत ओटा कोरडा होता. पाणी सगळं सिंकच्या भोकाकडे उताराने आलं होतं आणि न भरलेल्या सांध्यांतून तिथल्या थरात शिरलं होतं. खालच्या थराचा जोड आणि वरच्या थराचा जोड वेगवेगळ्या जागी ठेवला होता, म्हणून ते पुढे गेलं नाही.

देवरावजी वाकून विचारत होते, "काय हाय गा? काय हाय?"

"अर्धा गेला, अर्धा जिता हाय."

"मंग पुरा करून सांगू तिले. आठ-पंधरा दिवस कळ काढू."

मी म्हटलं नाही. बाई आता पलंगावर गेली ती आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उठेल याची खात्री मला नव्हती, आणि खरं म्हणजे त्यांनाही नव्हती. मी खोलीच्या दारात गेलो. बाईंची पाठ.

"वहिनी, सिंककडचा ओटा कापून काढावा लागते. गॅसकडचा चांगला हाय. आजच्या आज भाकर होते त्याच्यावर."

मी दाराच्या चौकटीवर ठोकलं.

"आयकलं का?"

"अर्ध्या ओट्यावर काय अर्धी भाकर करू?" भिंतीकडूनच आवाज आला.

"अर्धीच करा. मी सकाळपासून उपाशी हाय. यायच्या घाईत भावाकडे चहा बी नाही घेतला. अन् देवरावजींच्या हातचं मले देऊ नका, पाया पडतो."

पलंग करकरला. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उभे काय राहिले? खुर्ची आणा."

ओट्याखाली खुर्ची घुसली. गुडघा अडला नाही, कोपरही चढलं नाही. मी सांगितलं की सांधे भरले नाहीत, पीठ जाईल, भाकर परातीतच थापा. त्या म्हणाल्या, "मले शिकवू नका." देवरावजींनी शेगडी दगडी ओट्यावरून इकडे आणली, गॅस पेटला. मी दुसऱ्या टोकाला बसून छिन्नीने टाईल सोडवायला लागलो आणि खराब प्लायवर करवत धरली. एकाच ओट्याच्या एका टोकाला भाकर थापणं चाललं होतं आणि दुसऱ्या टोकाला ओटा तोडणं. असं काम मी जन्मात केलं नव्हतं.

"ओ मिस्त्री! भुसा उडून राहिला ना पिठात!"

"मंग करवत थांबवू काय?"

"थांबवू नका, तिकडून कापा. अन् तुमी हो! जिऱ्याच्या डब्यात मोहरी कोणं भरली? अन् हे बेसन का हळद? डब्याले झाकणं कुठं गेली? इतके दिवस काय खाऊन राहिले तुमी, भुसा?"

देवरावजी डबे उघडत होते आणि बंद करत होते. एकाचं झाकण दुसऱ्याला लावत होते. "हे घे. नाही, हे घे. थांब वं जरा, देतो ना." पहिली भाकर मोडली. बाईंनी ती बाजूला सारली. दुसरी फुगायला लागली आणि अर्ध्यात बसली. तिसरी पूर्ण फुगली. कांदा चिरला, पिठल्यासाठी बेसन टाकलं, पळी फिरत राहिली. गरम कढई उचलली आणि काही न विचारता हिरव्या टाईलवर ठेवली. टाईलला काही झालं नाही. मी पाहत होतो हे त्यांनी पाहिलं.

खाली बसून जेवलो, मी आणि देवरावजी. बाई खुर्चीवर, ताट ओट्यावर.  देवरावजी प्रत्येक घासाला मान हलवत होते, जसं काही अमृत चाललं आहे. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना एव्हाना समजलं होतं.

"कसं झालं?"

"मीठ कमी हाय," मी म्हटलं.

देवरावजींचा हात तोंडापाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. मला वाटलं, मेलो. एवढी मेहनत करून बाई उठवली आणि मी पुन्हा झोपवतो.

कौसल्याबाईंनी स्वतःच्या ताटातलं बेसन बोटाने चाखलं. जिभेवर फिरवलं. विचार केला.

"होय, कमीच हाय. हात सुटला ना एवढ्या दिवसांचा," त्या म्हणाल्या. "उद्या या. उद्या बरोबर पडीन."

देवरावजींनी घास गिळला. मी म्हटलं येतो, आणि आणखी एक भाकर मागितली.